हाताची पारख आणि कागदाची किंमत

गेल्या उन्हाळ्यात आमच्या शाळेचा एक जुना विद्यार्थी आमच्या दारी येऊन उभा राहिला. पहिलीपासून सातवीपर्यंत तो आमच्याच हाताखाली शिकला, पुढे तालुक्याच्या गावी बारावी झाला, आणि बाप कोरडवाहू तीन एकरांचा धनी असल्यामुळे नांदेडास एका इमारतीच्या कामावर हजेरी लिहिण्यास व मापे घेण्यास राहिला. ‘गुरुजी, काम गेले,’ एवढेच तो बोलला. विचारता कळले ते असे. मिस्त्रीने त्याच्या हाती टेप दिला. टेपाचे टोक तुटलेले होते, पहिले दहा सेंटीमीटर गेलेले. खिडकीचे माप घे म्हणाले. याने तुटके टोक भिंतीस लावले, पलीकडे १३० आकडा दिसला तो वहीत लिहिला. खिडकी होती १२० ची. चौकट दहा सेंटीमीटर रुंद होऊन आली. ठेकेदाराने आठ दिवसांची मजुरी कापून घेतली व उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितले.

वाचकहो, या पोराच्या सातवीच्या प्रगतिपुस्तकावर सही आमची आहे. गणितात तो उत्तीर्ण, असे आम्ही लिहून दिले आहे. आम्ही सात वर्षे त्यास पट्टी शून्यावरूनच लावावयास शिकवले, कारण पुस्तकातील चित्रात ती शून्यावरूनच लावलेली असते व परीक्षेतही तसेच विचारतात. तुटक्या टेपाचे गणित आम्ही कधी घातले नाही. तेव्हा दोष त्या पोराचा किती आणि दाखला देणाऱ्याचा किती, हे ज्याने त्याने ठरवावे. आम्ही आमच्यापुरते ठरवले आहे.

त्याच इमारतीवर एक म्हातारा गवंडी होता, असे पोराने पुढे सांगितले. तो अंगठाबहाद्दर. परंतु तोच तुटका टेप तो रोज वापरी. दहाच्या आकड्यावर बोट ठेवी आणि शेवटच्या आकड्यातून दहा सोडून बोले. त्याची भिंत ओळंब्यात चूक दाखवीत नाही. पण शहरातल्या एका मोठ्या कंपनीच्या कामावर तो गेला, तेव्हा ‘प्रमाणपत्र आहे काय?’ या एका प्रश्नावर त्यास बिगाऱ्यांच्या रांगेत उभे केले गेले. एकाजवळ कागद आहे, कसब नाही. दुसऱ्याजवळ कसब आहे, कागद नाही. आणि दोघांचीही भाकर अर्धी झाली. आजच्या लेखाचा विषय हाच आहे.

कोणी म्हणेल, एका पोराच्या चुकीवरून मास्तर एवढे रान का उठवतात? तर त्यास आमचे उत्तर आकड्यांत आहे. ‘प्रथम’ या संस्थेने २०२३ साली देशातील २८ जिल्ह्यांत १४ ते १८ वर्षे वयाच्या खेड्यांतील ३४,७४५ मुलामुलींची घरोघरी जाऊन पाहणी केली. ‘असर’ नावाचा तो अहवाल जानेवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. महाराष्ट्रातून त्यासाठी निवडलेला जिल्हा आमचा नांदेडच होता. त्या पाहणीत मुलांस पट्टीने लांबी मोजावयास सांगितले. वस्तू शून्यावर ठेवली असता शेकडा ८५ जणांनी बरोबर मोजली. तीच वस्तू शून्यावरून सरकवून मधल्या आकड्यावर ठेवली, तेव्हा बरोबर मोजणारे शेकडा ३९ वर आले! तीन आकडी संख्येस एक आकडी संख्येने भागणे निम्म्यांहूनही कमी मुलांस जमले. दुसरीच्या पुस्तकातला उतारा आपल्याच भाषेत अडखळल्यावाचून वाचणे चौघांपैकी एकास जमले नाही. आणि एखाद्या धंद्याचे शिक्षण घेणारी मुले शंभरांत सहासुद्धा भरली नाहीत. हे आकडे अठ्ठावीसही जिल्ह्यांचे मिळून आहेत, एकट्या नांदेडचे नव्हेत, हे खरे. परंतु आमच्या दारी आलेला पोर त्यांतल्याच कोणत्या रांगेत उभा आहे, हे आम्हांस सांगण्यास दुसऱ्या कोणाची गरज उरलेली नाही.

यात बुद्धीचा दोष काडीमात्र नाही. हीच पोरे बापाबरोबर लातूरच्या अडतीवर सोयाबीन घेऊन जातात, तेव्हा मातेऱ्याची कपात, हमाली, तोलाई वजा जाता हाती काय पडेल, याचा हिशेब अडत्याच्या आधी तोंडी करतात. म्हणजे हिशेब येतो. परंतु कागदावरचा हिशेब आणि कामावरचा हिशेब या दोहोंमध्ये पूल बांधावयाचे काम शाळेने केले नाही. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर साहेबांच्या शिक्षण आयोगापुढे जे निवेदन दिले, त्यात त्यांनी खेड्यांच्या शाळांतून लिहिणे, वाचणे व हिशेब यांबरोबर शेतीचेही प्राथमिक ज्ञान द्यावे, असे मागितले होते. आणि शिक्षक असा असावा की ज्यास वेळप्रसंगी नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस धरावयास लाज वाटणार नाही, असेही स्पष्ट म्हटले होते. त्यास आज १४० वर्षांहून अधिक काळ लोटला. आम्ही अध्यापक विद्यालयातून बाहेर पडलो तेव्हा आम्हांस पाठ टाचण कसे काढावे हे उत्तम येत होते. ओळंबा कसा धरावा हे कोणी विचारले नाही, आणि आम्हीही शिकून घेतले नाही.

आता पारख म्हणजे काय, ते पाहू. कामाची पारख, उणे असेल त्याची सुधारणा, आणि मग दाखला, असा हा तीन पायऱ्यांचा जिना आहे. पहिल्या पायरीवर माणसास काय येते व काय येत नाही ते उघड करावयाचे. दुसरीवर जे येत नाही तेवढेच शिकवावयाचे. तिसरीवर जे आले ते लिहून द्यावयाचे. जो कारागीर वीस वर्षे भिंती बांधतो त्यास पुन्हा विटेवर वीट ठेवण्यापासून शिकवणे हा त्याचा अपमान आहे. आणि त्यास सर्व काही येते असे डोळे झाकून लिहून देणे हा त्या घरात राहणाऱ्यांचा घात आहे.

हा घात किती मोठा असतो, हे मराठवाड्याएवढे दुसऱ्या कोणी पाहिलेले नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर व तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांत आठ हजारांच्या आसपास माणसे गेली. धरणी हलली हे खरे, परंतु माणसे चिरडली ती घरांखाली. जाड जाड दगडी भिंती, त्यांत मातीचा गिलावा, वर मातीचे जड माळवद. भिंतीचे आतले व बाहेरचे असे दोन थर एकमेकांस बांधणारे आरपार दगड बहुतेक ठिकाणी नव्हते. हादरा बसताच दोन्ही थर सुटून कोसळले. आमचे गवंडी अडाणी होते काय? मुळीच नाही. उन्हाळ्यात गार राहणारी ती घरे पिढ्यान् पिढ्या त्यांनीच उभी केली. पण एक गोष्ट त्यांच्या विद्येत कमी होती. नंतर पुनर्वसनाचे काम निघाले तेव्हा गवंड्यांस तेवढीच गोष्ट शिकवण्यात आली: भिंतीत ठराविक अंतरावर आरपार दगड घाला, खिडकी-दरवाज्यांच्या वर सळईचा काँक्रीट पट्टा फिरवा, कोपरे जखडा. आधीचे सारे कसब तसेच राहिले आणि त्यात दोन-तीन गोष्टींची भर पडली. खरी पारख व खरी सुधारणा म्हणतात ती ही. ती भूकंपाच्या आधी झाली असती तर किती घरांतले दिवे आज जळत असते, याचा विचार वाचकांनीच करावा.

असो. सरकारने काही केलेच नाही असे आम्ही म्हणत नाही. १५ जुलै २०१५ रोजी पंतप्रधान कौशल्य विकास योजना सुरू झाली. तीत नवशिक्यांस शिकवण्याबरोबर आधीच काम येणाऱ्यांची परीक्षा घेऊन त्यांस प्रमाणपत्र देण्याचीही सोय आहे. पुढे १७ सप्टेंबर २०२३ रोजी, म्हणजे मराठवाडा मुक्तिदिनास ७५ वर्षे पुरी झाली त्याच दिवशी, पीएम विश्वकर्मा योजना आली. सुतार, लोहार, कुंभार, गवंडी, चांभार, सोनार, न्हावी, परीट, शिंपी, टोपल्या-झाडू करणारे असे अठरा धंदे तीत घातले आहेत. कसबाची तपासणी करून पाच ते सात दिवसांचे शिक्षण, शिक्षणाच्या काळात रोजचे ५०० रुपये, हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत, ओळखपत्र व प्रमाणपत्र, आणि शेकडा पाच व्याजाने आधी एक लाख व ते फेडल्यावर दोन लाखांपर्यंत कर्ज, असा तिचा बेत आहे. आमच्या कारागीर बांधवांनी ही सोय जरूर घ्यावी. हक्काचे आहे ते सोडू नये.

परंतु योजनेचा बेत चांगला असला म्हणून पंगतीत वाढणारा प्रामाणिक असतोच असे नाही. देशाच्या महालेखापरीक्षकांनी कौशल्य विकास योजनेची तपासणी केली. तो अहवाल डिसेंबर २०२५ मध्ये संसदेपुढे आला. तपासलेल्या ९५ लाखांहून अधिक नोंदींपैकी शेकडा ९४ नोंदींत शिकणाऱ्याच्या बँक खात्याचा रकाना एक तर रिकामा होता, नाही तर त्यात शून्ये भरलेली होती. आम्ही शाळेत हजेरीपट ठेवतो. एका पोराचे नाव चुकले तरी केंद्रप्रमुख जाब विचारतात. येथे लाखोंच्या हजेरीपटात माणूस कोण, पैसा कोणाच्या खात्यात, याचाच पत्ता लागत नाही! अशा कारभारातून निघालेल्या प्रमाणपत्रास मालक मंडळी किंमत देत नाहीत, तर त्यांस नावे ठेवून काय होणार? खोट्या नाण्याने खऱ्या नाण्याचीही किंमत जाते. ज्या गरीब पोराने खरोखर घाम गाळून ते प्रमाणपत्र मिळवले, त्याचे नुकसान सर्वांत मोठे.

विश्वकर्मा योजनेविषयी दुसरी एक शंका आहे, तीही येथे उघड बोलली पाहिजे. ही योजना घराण्यात चालत आलेल्या धंद्यांसाठी आहे. तामिळनाडू सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रास कळवले की या स्वरूपात आम्ही ती चालवणार नाही, कारण घराण्याची अट जातीचा धंदा जातीतच जखडून ठेवते. आणि त्यांनी कोणत्याही जातीच्या माणसास खुली अशी आपली वेगळी योजना काढली. आमचे मत असे की, सुतारास त्याच्या सुतारकामाचा दाखला मिळावा, यात वावगे काही नाही. परंतु सुताराच्या मुलीस विजेच्या तारा जोडावयाच्या असतील, कुणब्याच्या पोरास शिवणयंत्र चालवावयाचे असेल, महार-मांगाच्या पोरास सोनारकाम शिकावयाचे असेल, तर पारखीच्या दारात त्यास बापाचा धंदा विचारता कामा नये. हात पाहावा, कुळी पाहू नये. जन्मावरून कसब ठरवण्याची जी रीत मोडण्यासाठी आपल्या वाडवडिलांनी लोकांच्या शिव्या खाल्ल्या, ती सरकारी शिक्क्यानिशी मागल्या दाराने परत येऊ देणे बरे नव्हे.

हा कागद काही भिंतीवर टांगण्याची शोभा नव्हे. किमान वेतनाच्या दरपत्रकांत अकुशल, अर्धकुशल व कुशल अशा पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरीची मजुरी वेगळी आहे. त्या म्हाताऱ्या गवंड्यास बिगाऱ्यांच्या रांगेत उभे केले, म्हणजे रोजच्या रोज त्याच्या ताटातली चतकोर काढून घेतली. त्याच्या बायकोची गोष्ट तर निघतच नाही. माल कालवणे, विटा पोचवणे, गिलाव्यावर पाणी मारणे ही कामे ती जन्मभर करते. सिमेंट किती, वाळू किती, हे तिला डोळ्यांनी कळते. तरी हजेरीपटावर तिचे नाव ‘हाताखालची बाई’ एवढेच. तिच्या हाताची पारख कोणी, कधी केली आहे काय? आणि लातूरच्या रेल्वे डब्यांच्या कारखान्याचेच पाहा. त्याचे भूमिपूजन ३१ मार्च २०१८ रोजी झाले, २५ डिसेंबर २०२० रोजी डब्याचा पहिला सांगाडा तयार झाला. अशा कारखान्याच्या दारात वेल्डर, फिटर, वायरमन म्हणून कोण आत जाईल? ज्याच्यापाशी कसब आणि त्याचा खरा दाखला दोन्ही असतील तो. बाकीच्यांनी दाराबाहेर चहाची टपरी टाकावी! लातूर पॅटर्नची कीर्ती देशभर आहे. डॉक्टर-इंजिनिअरच्या प्रवेशासाठी तेथे पोरांचा अर्धा अर्धा गुण मोजतात. ज्या गावाने गुण मोजण्याची विद्या इतकी कमावली, त्याने हात मोजण्याची विद्या का कमावू नये?

म्हणून आमच्या मागण्या आम्ही साध्या शब्दांत मांडतो.

पहिली : परीक्षा कामावर व्हावी आणि ती मराठीत व्हावी. ‘प्लंब बॉब’ म्हणजे काय, असे विचारले तर आमचा गवंडी गप्प बसेल. ओळंबा हाती द्या, मग त्याचे उत्तर भिंतच देईल. गुण्या, रंधा, पटाशी, सूत, थापी ही त्याची भाषा आहे. देगलूर-बिलोलीकडे तेलुगू, नांदेड शहरात उर्दू, तांड्यावर गोरमाटी बोलणारे कारागीर आहेत. त्यांस त्यांच्या बोलीत विचारावे. वाचता न येणाऱ्यास तोंडी विचारावे. परीक्षा भिंतीची आहे, इंग्रजीची नव्हे.

दुसरी : जो शिकवतो त्यानेच परीक्षा घेऊ नये. जर्मनीत धंद्याच्या परीक्षेचे मंडळ कायद्याने ठरलेले असते. त्यात मालकांचे व कामगारांचे प्रतिनिधी सारख्या संख्येने आणि सोबत धंदेशिक्षणाचा शिक्षक असतो. आपल्याकडेही प्रत्येक तालुक्यास असे पंच असावेत: एक जाणता कारागीर, एक काम देणारा आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतला एक निदेशक. शिकवणाऱ्याचे बिल उत्तीर्णांच्या संख्येवर निघत असेल, तर तो कोणास नापास करील?

तिसरी : दाखल्यावर नुसते ‘उत्तीर्ण’ लिहू नये. नऊ इंची भिंत ओळंब्यात बांधतो, गिलावा करतो, नकाशा वाचता येत नाही, असे स्पष्ट लिहावे. म्हणजे मालकाची फसगत नाही आणि कारागिरास पुढे काय शिकावयाचे ते कळते. जे आले नाही तेवढे शिकून तेवढ्याचीच परीक्षा पुन्हा देता यावी.

चौथी : परीक्षेची वेळ साहेबांच्या सोयीने नको. आमच्या भागातले कित्येक जण दिवाळी झाली की ऊसतोडीस जातात ते उन्हाळ्याच्या तोंडी परततात. बांधकामे पावसाळ्यात मंदावतात. तेव्हा पावसाळ्याचे दिवस परीक्षेस धरावेत, आणि बुडालेल्या दिवसाची मजुरी द्यावी. मजुरी बुडवून मिळणारा मान पोटास परवडत नाही.

पाचवी मागणी आमच्याच शिक्षकबंधूंकडे आहे, तिला सरकारच्या हुकुमाची गरज नाही. आठवड्यातून एक तास शाळेत टेप, तराजू, ओळंबा, किराण्याची पावती, विजेचे बिल व औषधाचे पाकीट आणावे. त्या तासास गावचा गवंडी, सुतार किंवा शिंपीण गुरू म्हणून बोलवावी व आपण खाली मुलांत बसावे. यात आपली प्रतिष्ठा जात नाही.

आणि घरोघरच्या आईबापांस एवढेच सांगणे की, पोराच्या हाती प्रमाणपत्र आले म्हणून निश्चिंत राहू नका. त्यास घरचे दार मोजावयास लावा, खताची पिशवी तीन वाफ्यांस वाटावयास लावा, बँकेचा अर्ज वाचून दाखव म्हणा. आले तर शाबासकी द्या. न आले तर त्यास मारू नका, आमच्याकडे घेऊन या आणि आम्हांस जाब विचारा. पैसे घेऊन घरपोच प्रमाणपत्र देणारा दलाल दारी आला तर त्यास ओट्यावरूनच वाटेस लावा. तो कागद विकत नाही, तुमच्या पोराची अब्रू विकत घेतो.

त्या पोराचे पुढे काय झाले, ते सांगून लेख पुरा करतो. त्याच सांजेस आम्ही शाळेतली लाकडी पट्टी काढली, तिच्या पहिल्या दहा सेंटीमीटरवर चिंधी गुंडाळली आणि त्यास म्हटले, आता ही शाळा मोजून काढ. फळा मोजला, बाक मोजला, खिडक्या मोजल्या. दोन चुकल्या, बाकीच्या बरोबर आल्या. दिवेलागणीच्या आत त्यास ते जमले. सात वर्षांत आम्ही जे शिकवले नाही ते एका सांजेत आले, यात त्याचे कौतुक आहे, आणि त्याहून अधिक आमची शरम आहे. हल्ली तो दुसऱ्या एका कामावर आहे, आणि सुटीच्या दिवशी त्या म्हाताऱ्या गवंड्यास घेऊन सेवा केंद्रात विश्वकर्म्याचा अर्ज भरावयास जाणार आहे. चिंधी गुंडाळलेली ती पट्टी आम्ही वर्गातच ठेवली आहे. नव्या वर्षाची मुले आता तिनेच मोजतात.